खेळातली तोड्याची बंदूक आणि चार प्रमाणं

आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं सत्तरी ओलांडल्यावर व्हिडिओ गेमवर व्याख्यान द्यावं, हे काहींना विचित्र वाटेल. पण आज आम्ही जो प्रश्न घेतला आहे तो मुळात ज्ञानाचाच प्रश्न आहे. प्रश्न असा की, एखाद्या मुलानं जुन्या काळातली बंदूक, समजा अठराव्या शतकातली तोड्याची बंदूक, स्वतः तयार करून एखाद्या खेळात घातली, तर ती बंदूक ऐतिहासिक आहे असं आपण केव्हा म्हणायचं? दिसायला तशी असली म्हणजे झालं का?

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्हाला ते तपासता येईल. बंदूक दिसण्यानं ऐतिहासिक होत नाही, वागण्यानं होते. खेळात हे वागणं आकड्यांनी लिहिलेलं असतं. असा प्रत्येक आकडा म्हणजे इतिहासाबद्दल केलेलं एक विधान आहे. आणि विधान केलं की प्रमाण द्यावं लागतं. एवढंच आजचं सूत्र. आता ते उलगडू.

मॉड म्हणजे काय?

श्रोत्यांत ज्येष्ठ मंडळी आहेत, म्हणून थोडं मुळापासून. कंपनी खेळ तयार करून विकते. तो खेळ संगणकावर पुष्कळशा फायलींच्या रूपात असतो. हौशी मंडळी त्या फायलींत भर घालतात किंवा बदल करतात. नवा नकाशा, नवा पोशाख, नवं शस्त्र. या भरीला 'मॉड' म्हणतात. १९९३ साली 'डूम' नावाचा खेळ आला. त्याच्या कर्त्यांनी चित्रं, आवाज आणि नकाशे मूळ प्रोग्रॅमपासून वेगळ्या फायलींत ठेवले होते. त्यामुळे लोकांना स्वतःची भर घालणं सोपं गेलं आणि ही हौस पसरली. १९९९ मध्ये 'हाफ लाइफ' या खेळावर दोन तरुणांनी 'काउंटर स्ट्राइक' नावाचा मॉड केला. पुढे मूळ कंपनीनंच तो स्वतःचा खेळ म्हणून बाजारात आणला.

तुमच्या घरातलं उदाहरण देतो. पब्जी. नांदेडच्या आणि लातूरच्या क्लासेसच्या वसतिगृहांत हा शब्द माहीत नसलेला मुलगा सापडणं कठीण. या खेळाची वंशावळ पाहा. 'आर्मा २' नावाचा एक लष्करी खेळ होता. त्यावर २०१२ मध्ये 'डेझी' नावाचा मॉड आला. त्या मॉडवर ब्रेंडन ग्रीन या हौशी माणसानं 'शेवटी उरेल तो जिंकेल' अशा धर्तीचा आणखी एक मॉड केला. त्याच कल्पनेतून २०१७ साली पब्जी उभा राहिला, २०१८ मध्ये तो मोबाइलवर आला आणि सप्टेंबर २०२० मध्ये आपल्या सरकारनं त्यावर बंदी घातली. म्हणजे ज्या खेळावरून घराघरांत भांडणं झाली, त्याचं मूळ एका हौशी माणसाच्या मॉडमध्ये आहे. तेव्हा मॉड म्हणजे पोरखेळ असं समजू नका.

इथे एक भेद नीट लक्षात ठेवायचा. समोर दुसरी खरी माणसं खेळत असताना चोरून फाइल बदलायची आणि आपली गोळी जास्त लागेल असं करायचं, ही लबाडी झाली. मॉड म्हणजे कर्त्यानं मुभा दिलेल्या खेळात, उघडपणे, सगळ्यांना सांगून केलेली भर. आज आम्ही फक्त दुसऱ्या प्रकाराबद्दल बोलतो आहोत.

बंदुकीचे चार भाग

खेळातली बंदूक चार गोष्टींची बनते. पहिली, तिची त्रिमितीय आकृती. ती 'ब्लेंडर'सारख्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घडवता येते. दुसरी, तिच्यावर चढवलेलं रूप, म्हणजे लाकडाचा रंग, लोखंडाची झळाळी, पितळी पट्ट्या. तिसरी, हालचाल आणि आवाज. आणि चौथी, आकडे. एका साध्या मजकुराच्या फायलीत लिहिलेलं असतं की भरायला इतके सेकंद, पल्ला इतके मीटर, नेम इतका पक्का, इजा इतकी.

बहुतेक मुलं पहिल्या तीन गोष्टींवर महिने घालवतात. चौथीवर दहा मिनिटं. दुसऱ्या कुठल्या तरी बंदुकीचे आकडे उचलायचे आणि चिकटवायचे. मग होतं काय? दिसायला तोड्याची बंदूक, वागायला कार नाइन्टी एट. पब्जी खेळलेल्यांना हे नाव लगेच कळेल. जर्मन सैन्यानं १९३५ मध्ये स्वीकारलेली ही रायफल. एका वेळी पाच काडतुसं भरायची, खटका मागेपुढे केला की पुढची गोळी तयार. तिचा वेग तोड्याच्या बंदुकीला दिला, की अठराव्या शतकाच्या कपड्यांत विसावं शतक उभं राहतं.

तोड्याची बंदूक वागते कशी?

ही ठासणीची बंदूक, म्हणजे पुढून, नळीच्या तोंडातून भरायची. शिपाई आधी दारू मोजून नळीत ओततो. सोरा, गंधक आणि कोळसा यांचं ते मिश्रण. मग गोळी टाकतो. मग लांब गज घालून ठासतो. नळीच्या मागच्या टोकाला, बाजूला, एक छोटा प्याला असतो. त्यात बारीक दारू घालायची. तिला रंजक म्हणत. प्याल्याला आणि नळीला जोडणारं एक बारीक छिद्र असतं. आता पेटवायचं कशानं? तर सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली सुताची दोरी, म्हणजे तोडा किंवा जामगी. तिचं टोक सतत धुमसत असतं. शिपाई ते फुंकून निखारा जागा करतो, प्याल्याचं झाकण उघडतो, नेम धरतो, कळ ओढतो. तोडा रंजकेवर टेकतो, आग छिद्रातून आत जाते आणि बार उडतो.

यातल्या प्रत्येक पायरीत काही ना काही बिघडू शकतं. पाऊस आला की तोडा विझला. वारा सुटला की रंजक उडाली. अंधारात तोड्याचा ठिपका दिसतो, म्हणजे दबा धरून बसणं अवघड. कमरेला दारू आणि हातात निखारा, म्हणजे शेजारचा शिपाईसुद्धा अंतर राखून उभा करायचा. पुढे गारगोटीच्या ठिणगीवर चालणारी चकमकीची बंदूक आली. तिला पथरकला म्हणत. तिनं तोड्याची कटकट संपवली. तरीही आपल्याकडे तोड्याची बंदूक एकोणिसाव्या शतकातही वापरात होती.

आपली भाषासुद्धा या बंदुकांनी भरलेली आहे. आपण प्रश्नांची सरबत्ती करतो, दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवतो, भाषण फसलं तर फुसका बार म्हणतो. सरबत्ती म्हणजे मुळात एका रांगेनं केलेला बंदुकांचा मारा. आपल्या मुलांच्या तोंडी हे शब्द अजून आहेत. त्यांच्यामागची वस्तू मात्र नजरेआड झाली आहे. चांगला मॉड ती वस्तू परत दाखवू शकतो. म्हणून तर आम्हाला या हौसेबद्दल आस्था वाटते.

संथपणातून काय निघतं?

इथे एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. मुलं म्हणतात, 'सर, एवढी संथ बंदूक असेल तर खेळणार कोण? कंटाळा येईल.' त्यावर आम्ही एक छोटं गणित घालतो.

भरधाव घोडा ताशी चाळीस किलोमीटरनं धावतो असं धरू. म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. गुळगुळीत नळीच्या बंदुकीनं शंभर मीटरपलीकडच्या एकट्या माणसाला टिपण्याची फारशी आशा नसते. तेव्हा स्वार शंभर मीटरवर आल्यावर तुम्ही बार काढला. चुकला. आता स्वार तुमच्यापर्यंत पोचायला नऊ सेकंद लागतील. कवायतीत तयार झालेला, पथरकला घेतलेला शिपाई मिनिटाला दोन ते तीन बार काढी, म्हणजे एका बाराला वीस-तीस सेकंद. तोड्याच्या बंदुकीला त्याहून जास्त. नऊ सेकंदांत काहीच होत नाही. एकटा बंदूकवाला मेला.

मग उपाय काय? एकट्यानं उभं राहायचं नाही. रांगा करायच्या. एका रांगेनं बार काढायचा, तोवर दुसरीनं भरायचं. मागे तोफा. घोडा समोरून येताना दिसला तरी जागा सोडायची नाही. म्हणजे शिस्त, कवायत, नियमित पगार, दारूगोळ्याच्या गाड्या, हे सगळं त्या वीस-तीस सेकंदांच्या पोटातून निघतं. फायलीतला तो एक आकडा बदला, सात सेकंद करा, की कवायती पलटणीची गरजच नाहीशी होते. इतिहासच समजेनासा होतो.

हे केवळ आमचं तर्कट नाही. 'माउंट अँड ब्लेड' नावाचा तलवारी-धनुष्यांचा, मध्ययुगी थाटाचा खेळ आहे. त्यात हौशी लोकांनी 'माउंट अँड मस्केट' हा मॉड करून ठासणीच्या बंदुका आणल्या. त्यातून २०१२ मध्ये 'नेपोलियॉनिक वॉर्स' हा अधिकृत भाग निघाला. त्यातल्या बंदुका संथ आहेत, नेम कच्चा आहे. आणि खेळाडूंनी काय केलं? कंटाळून सोडून दिलं नाही. त्यांनी आपापल्या पलटणी उभारल्या, रांगेत चालायला शिकले, कप्तानाच्या हुकमावर एकदम बार काढू लागले. संथ बंदूक हाती आल्यावर माणसं आपोआप त्या काळासारखी वागू लागली. इतिहासाच्या तासाला जे आम्हाला चाळीस मिनिटं बोलून साधत नाही, ते एका आकड्यानं साधलं.

आता आपल्या मातीकडे या. ३ फेब्रुवारी १७६०. उदगीरची लढाई. उदगीर आणि औसा हे दोन्ही किल्ले आज लातूर जिल्ह्यात आहेत. सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला आणि तहात साठ लाखांचा मुलूख आणि दौलताबादेसारखे किल्ले मिळवले. त्या मोहिमेत मराठ्यांच्या बाजूला इब्राहिमखान गारदी होता, त्याची कवायती पायदळ पलटण आणि तोफखाना घेऊन. हाच इब्राहिमखान आधी निजामाच्या चाकरीत, फ्रेंच सेनानी बुसीच्या हाताखाली तयार झालेला. पुढे वर्षभरात, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपतावर त्याच्या गारद्यांनी झुंज दिली. तिथे घोडदळाची पद्धत आणि गारद्यांची पद्धत यांचा मेळ कसा घालायचा, यावर मराठी छावणीतच मतभेद होते. घोडा नऊ सेकंदांत पोचतो आणि बंदूक वीस-तीस सेकंदांत भरते. हे ज्याला कळलं त्याला तो वाद कळला. बाकीचे नुसतं 'फंदफितुरी, फंदफितुरी' म्हणत बसतात.

चार प्रमाणं

मग आकडे आणायचे कुठून? आपल्याकडच्या न्यायदर्शनात यथार्थ ज्ञान मिळवण्याची चार साधनं सांगितली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. मॉड करणाऱ्या मुलाला ही चारही लागतात. एकेक पाहू.

प्रत्यक्ष म्हणजे स्वतः पाहिलेलं, मोजलेलं. हैदराबादचं सालारजंग संग्रहालय आपल्याला जवळ आहे, पुण्याचं राजा केळकर संग्रहालय आहे. दोन्हीकडे जुनी शस्त्रं आहेत. तोफांसाठी तर दूर जायलाच नको. औसा, कंधार, परांडा या किल्ल्यांवर त्या आहेत. विजापूरची प्रसिद्ध मलिक-ए-मैदान तोफ १५४९ साली अहमदनगरला ओतली, मग ती परांड्याच्या किल्ल्यावर होती, आणि तिथून १६३२ मध्ये विजापूरला नेली. वजन सुमारे पंचावन्न टन. खेळात ही तोफ एका माणसानं ढकलत नेलेली दाखवली तर ते प्रत्यक्षाच्या विरुद्ध झालं. किल्ला पाहताना हात लावू नका, खरवडू नका. फोटो काढा, शेजारी पट्टी धरा, टिपून ठेवा.

अनुमान म्हणजे दिसलेल्यावरून न दिसलेलं काढणं. धूर दिसला, म्हणजे अग्नी आहे. समजा संग्रहालयातल्या बंदुकीची नळी आतून सतरा मिलिमीटर भरली. गोळी नळीहून किंचित लहान हवी, म्हणजे सोळा धरू. शिशाची घनता माहीत आहे, तेव्हा गोळीचं वजन सुमारे चोवीस ग्रॅम येतं. शंभर गोळ्यांचे जवळजवळ अडीच किलो. शिवाय दारू, गज, तोडा, पाणी, शिधा. खेळातला तुमचा शिपाई खिशात पाचशे गोळ्या घेऊन पळत असेल, तर त्याच्या अंगावर बारा किलो शिसं आहे. मग तो पळेल तसा?

उपमान म्हणजे साम्यावरून कळणं. गवय हा प्राणी गाईसारखा असतो एवढं ऐकून गेलेला माणूस रानात त्याला ओळखतो. आपल्या भागातली नेमकी बंदूक मोजायला मिळाली नाही, तर त्याच काळातल्या, त्याच घडणीच्या दुसऱ्या बंदुकीवरून काम भागवता येतं. पण इथे जपायला हवं. 'एज ऑफ एम्पायर्स ३' या खेळात २००७ साली आलेल्या आशियाई भागात हिंदुस्थानी फौजेला उंटावरची हलकी तोफ, म्हणजे जंबुरक, दिली आहे. आपल्याकडे सुतरनाळा होत्या, हे खरं. पण पानिपतावर जंबुरकांचा मोठा मारा झाला तो अब्दालीच्या बाजूनं. तो खेळ पाहून कुणी पानिपताचा मॉड केला आणि उंट भाऊसाहेबांच्या फौजेत घातले, तर साम्याच्या नादात लढाईच उलटी होते.

शब्द म्हणजे विश्वसनीय माणसाचं सांगणं. आपल्या बाबतीत कागदपत्रं. पेशवे दफ्तरातले निवडक कागद सरदेसायांनी पंचेचाळीस खंडांत संपादित केले आहेत. बखरीही आहेत. पण सांगणारा आप्त हवा, म्हणजे जाणता आणि खरं बोलणारा हवा, ही न्यायशास्त्राची अट विसरू नका. मोहिमेवरून धाडलेलं पत्र आणि पुढे ऐकून लिहिलेली बखर, यांचं वजन सारखं नाही. बखरीतल्या फौजेच्या आकड्यांना तर हात लावण्याआधी दहादा विचार करा.

या चारांशिवाय एक पाचवं खातं आम्ही सुचवतो. ते प्रमाण नव्हे. त्याला 'खेळाची सोय' म्हणा. खरी बंदूक भरायला चाळीस सेकंद लागत असतील आणि तुम्ही खेळात पंचवीस ठेवले, तर हरकत नाही. नाटकात बारा वर्षांचा वनवास दोन तासांत होतो. फक्त ते लपवू नका.

मॉडबरोबर माहितीची एक छोटी फाइल द्यायची पद्धत असते. त्यात प्रत्येक आकड्यापुढे एकच शब्द लिहा : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द किंवा सोय. दुसऱ्याची आकृती वापरली असेल तर त्याची परवानगी घ्या आणि त्याचं नाव लिहा. कुणी म्हणेल, ती फाइल वाचतो कोण? खेळणारा नाही वाचणार. पण पुढचा मॉड करणारा वाचेल. तो म्हणेल, 'हे अनुमान चुकलंय, मी नळी मोजली आहे.' आणि दुरुस्त करेल. २००९ साली इंग्लंडातल्या कंपनीनं काढलेल्या 'एम्पायर टोटल वॉर'मध्ये मराठ्यांची बाजू घेऊन खेळता येतं. पण मराठी फौजेचे आकडे तिथल्या कचेरीत ठरले, आणि ते का ठरले हे आपल्याला विचारता येत नाही. प्रमाण लिहिलेला मॉड मात्र दुरुस्तीला खुला असतो. ज्ञान वाढतं ते असंच.

कुणाची बंदूक?

शेवटचा मुद्दा, आणि आमच्या दृष्टीनं सगळ्यांत अवघड. नांदेडला श्री हजूर साहिब आहे. १७०८ साली गुरू गोविंदसिंगजींचा अंत इथेच झाला. त्यांची म्हणून जपलेली शस्त्रं तिथे आहेत. तलवारी, ढाल, धनुष्य-बाण यांच्याबरोबर तोड्याच्या बंदुकीचाही उल्लेख केला जातो. एखाद्या मुलाला वाटेल की अठराव्या शतकाच्या सुरुवातीची बंदूक आपल्या गावातच आहे, हीच करू. आम्ही त्याला म्हणू, थांब. ती वस्तू इतिहासाची आहे तशीच श्रद्धेची आहे. भाविक तिच्यापुढे माथा टेकतो. तिची प्रतिकृती करून ती कुणाही खेळाडूच्या हाती, कुणावरही चालवायला दिली, तर वस्तूचा अर्थच बदलतो. त्याच घडणीची दुसरी बंदूक संग्रहालयात मिळते, ती कर. ज्ञान तेवढंच मिळेल, कुणाचं मन दुखावणार नाही.

आणि दुसरं, १९४८. सप्टेंबरच्या १३ ते १७ तारखांना भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात आल्या आणि १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्त झाला. त्याआधीचा रझाकारांचा काळ आमच्या पिढीनं आईवडिलांच्या तोंडून ऐकला. आणि पोलीस ॲक्शननंतर अनेक निरपराध मुसलमान कुटुंबांनी जे सोसलं तेही याच मातीत घडलं. त्या काळच्या रायफली 'ऐतिहासिक' आहेत का? सालाच्या हिशेबानं आहेत. पण ज्यांच्या घरातला माणूस त्या गोळीनं गेला ती घरं अजून त्याच गावांत, एकमेकांच्या शेजारी राहतात. बंदूक खेळात आली की 'शत्रू कोण' हेही खेळच ठरवतो. उदगीरच्या लढाईत निजामाच्या बाजूनं खेळायला आज कुणालाच काही वाटणार नाही. इब्राहिमखान स्वतःच दोन्ही बाजूंना राहिला होता. १९४८ चं तसं नाही. म्हणून आमचं मत असं की, तो विषय वर्ज्य नाही, पण तिथे बंदुकीपासून सुरुवात करू नये. आधी दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांचं ऐकावं. तेही शब्दप्रमाणच आहे, आणि ते आता फार दिवस उपलब्ध असणार नाही.

तेव्हा तुमच्यापैकी ज्यांना या कामाचा नाद आहे, त्यांनी रविवारी औशाचा किल्ला गाठावा. सोबत मोजपट्टी, वही आणि पाण्याची बाटली. एकच तोफ घ्या. तोंडाचा व्यास, लांबी, कानाची जागा, कुठल्या बुरुजावर आणि कोणत्या दिशेला, एवढं लिहून आणा. मग अनुमान करू. वही आमच्याकडे घेऊन आलात तर गणिताला आम्हीही बसू.